रॉक हॉल ऑफ फेमच्या कमिटीला खुलं पत्र: रेनबोचं नाव नक्की कुठे अडकलंय?

प्रति,
नॉमिनेशन कमिटी,
रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम,
क्लीव्हलंड, ओहायो, अमेरिका

विषय: गिटारिस्ट रिची ब्लॅकमोरच्या रेनबो या बँडला आजपर्यंत एकदाही नॉमिनेशन न दिल्याबद्दल.

मंडळी, नमस्कार.

तुमच्यापैकी कुणाला मराठी येत नसणार हे मला माहितीये. पण भाषांतर करायला आता बटण दाबायचाच अवकाश, आणि ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, हे पत्र तुमच्याइतकंच इथल्या वाचणाऱ्यांसाठी पण आहे. कारण रॉकमधल्या मोठ्या कलाकारांच्या तुमच्या मानाच्या यादीत नाव नाही म्हणजे बँड दुय्यम असणार असं आपल्याकडच्याही बऱ्याच लोकांनी निमूट मान्य करून टाकलंय.

नियम तुमचाच आहे, पहिलं रेकॉर्ड बाजारात येऊन २५ वर्षं झाली की कलाकार पात्र. रेनबोचा पहिला अल्बम आला १९७५ ला. म्हणजे २००० पासून हा बँड दाराबाहेर उभा आहे. तेव्हापासून दरवर्षी तुमची लिस्ट जाहीर होते, दरवर्षी आम्ही वेड्यासारखं ती वरून खाली आणि खालून वर वाचतो, आणि दरवर्षी तेच. आत घेणं सोडा, नॉमिनेशनसुद्धा नाही. मतदानात हरले असते तर एकवेळ समजलं असतं, मतदार हजारावर आहेत, प्रत्येकाची आवड वेगळी, चालायचंच. पण इथे नाव मतदारांपर्यंत जातच नाहीये, ते तुमच्याच टेबलावर अडतंय, म्हणून पत्र पण तुम्हालाच.

आता माझा काय संबंध. मी नाशिकला गिटार शिकवतो. क्लासला येणारी पोरं दहावी-बारावीतली, हुशार आहेत, हात माझ्यापेक्षा फास्ट चालतो त्यांचा, पण कुणाला ऐकायचं हे ती याद्या बघून ठरवतात आणि त्या याद्यांमध्ये सगळ्यात वजनदार यादी तुमची. तुम्ही तिकडे एका हॉलमध्ये बसून नावं काढता आणि इकडे ती सिलॅबस होते. परवा एका पोराला पहिल्या अल्बममधलं द टेम्पल ऑफ द किंग शिकवत होतो तर तो म्हणाला, सर, हे डीप पर्पलचं साईड प्रोजेक्ट होतं ना? (डीप पर्पल म्हणजे ब्लॅकमोरचा आधीचा बँड.) त्याचा काय दोष, जे लिहिलेलं दिसतं तेच तो वाचणार. डोकं फिरलं ते तुमच्यावर.

आमच्या वेळी कॅसेट भरून घ्यायची पद्धत होती. रेनबोचा रायझिंग हा अख्खा अल्बम जेमतेम ३३ मिनिटांचा आणि ९० च्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची, त्यामुळे उरलेल्या जागेत भरून देणारा स्वतःच्या मनाने काहीही टाकायचा. माझ्या कॅसेटवर रायझिंग संपला की थेट किशोर कुमार सुरू व्हायचा, आणि अजूनही त्यातलं शेवटचं गाणं अ लाइट इन द ब्लॅक संपलं की माझ्या डोक्यात आपोआप किशोर कुमारच लागतो. असो.

साईड प्रोजेक्ट म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास सांगतो, तुम्हाला माहीत असेलच पण तुमच्या वागण्यावरून तसं वाटत नाही.

१९७५ ला ब्लॅकमोर डीप पर्पलमध्ये होता, बँड जगात टॉपला, पैसा, विमान, सगळं. त्याला क्वाटरमास नावाच्या बँडचं एक गाणं रेकॉर्ड करायचं होतं, बाकीचे नको म्हणाले. याने काय केलं, पर्पलच्या आधी स्टेजवर वाजवणारा एल्फ नावाचा अमेरिकन बँड होता त्याचा गायक धरला, रॉनी जेम्स डिओ, आणि गाणं करून टाकलं. मग एका गाण्यावरून पूर्ण अल्बम झाला आणि अल्बमवरून त्याने चालता बँड सोडला. हॉलिवूडच्या एका बारच्या नावावरून नाव ठेवलं रेनबो. अल्बम झाल्यावर डिओ सोडून बाकीच्या एल्फवाल्यांच्या जागी नवे लोक आणले, ड्रम्सवर कोझी पॉवेल, बेसवर जिमी बेन, कीबोर्डवर टोनी कॅरी. चांगलं वागणं म्हणता येणार नाही हे, माणूस वागायला अवघडच होता आणि ते मी अजिबात झाकत नाहीये. पण त्या नव्या टीमने १९७६ ला म्युनिकमध्ये प्रोड्युसर मार्टिन बर्चच्या हाताखाली जे रेकॉर्ड केलं ते रायझिंग.

रायझिंगच्या दुसऱ्या बाजूला फक्त दोन गाणी आहेत, दोन्ही आठ मिनिटांच्या वरची. त्यातलं पहिलं स्टारगेझर. कोझी पॉवेलच्या ड्रम्सच्या एका फटकाऱ्यात सुरू होतं आणि मग तो रिफ येतो, म्हणजे गिटारची परत परत येणारी ओळ, जड, सावकाश, कुणीतरी खरंच दगड ओढतंय असा. गोष्ट अशी की एक जादूगार आहे, त्याला उडायचंय, त्यासाठी तो गुलामांकडून दगडाचा मनोरा बांधून घेतोय, आणि गोष्ट सांगणारा त्या गुलामांपैकीच एक आहे. शेवटी जादूगार मनोऱ्यावरून उडतो आणि खाली पडून मरतो, आणि ज्यांनी वर्षानुवर्षं उन्हापावसात दगड वाहिले ते बघत राहतात की आता आपण कुठे जायचं. पाठीमागे म्युनिक फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा. डिओ शेवटची दोन मिनिटं जे गातो ते मी शब्दात सांगू शकत नाही, कृपया कमिटीने मीटिंगमध्ये सगळ्यांनी मिळून ऐकावं, मोबाईलच्या स्पीकरवर नको.

आणि त्यातला गिटारचा सोलो. आपल्याकडे ज्याच्या कानावर थोडंफार शास्त्रीय पडलंय त्याला लगेच कळतं इथे काय चाललंय, कोमल रिषभ आणि त्याला लागून शुद्ध गंधार. बसंत मुखारीच्या अगदी जवळचे सूर, भैरव ऐकणाऱ्याला पण ओळखीचे वाटतील. ब्लॅकमोरने काही राग म्हणून वाजवलं नाहीये, तो त्या सुरांकडे युरोपातल्या जुन्या संगीतातून आणि पूर्वेकडच्या वळणांच्या ओढीने आला. त्या काळात तो चेलो पण शिकत होता. पण त्या रिषभावर तो ज्या पद्धतीने थांबतो आणि ओढून गंधारावर जातो ते ऐकून माझे वडील, ज्यांना इलेक्ट्रिक गिटार म्हणजे गोंगाट वाटायचा, ते पेपर खाली ठेवून म्हणाले होते, हा कोण आहे रे?

त्याचं कारण त्याच्या गिटारीत पण आहे, हे मी पोरांना हातात देऊन दाखवतो. त्याच्या स्ट्रॅटच्या, म्हणजे स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या, फिंगरबोर्डवर दोन फ्रेट्सच्या (धातूच्या पट्ट्यांच्या) मधलं लाकूड कोरून खोलगट केलेलं असायचं, स्कॅलप्ड म्हणतात त्याला. बोट लाकडाला टेकतच नाही, तार हवेत दाबायची. जरा जोर जास्त झाला की सूर चढलाच. म्हणजे नवशिक्याचं त्यावर सगळं बेसूर होतं, आणि ज्याचा हात तयार आहे त्याला त्याच दाबातून आंदोलनासारखा सूर हलवता येतो. मधला पिकअप (तारेचा आवाज पकडणारा भाग) तो वापरायचाच नाही म्हणून स्क्रूने पार खाली बसवलेला. आणि साध्या आयवाच्या टेप रेकॉर्डरमधून सिग्नल काढून मग मार्शलच्या अँपला द्यायचा. अशा जुगाडाला आपल्याकडे कौतुकाने बघतात, तुमच्याकडे पण बघत असतील अशी आशा.

आता तक्रारी. नंबर घालतो म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की मुद्दा काय ते कळलं नाही.

१. पर्पलच्या सावलीतला बँड म्हणून जर तुम्ही नाव बाजूला ठेवत असाल तर तो न्याय बाकीच्यांना का नाही लावला? एरिक क्लॅप्टन तुमच्याकडे तीन वेळा आहे, यार्डबर्ड्सबरोबर, क्रीमबरोबर आणि स्वतःच्या नावावर. जेफ बेक दोन वेळा. जिमी पेज दोन वेळा. माझी काही तक्रार नाही, तिघांनाही मी मानतो. पण मग त्याच पिढीच्या, त्याच इंग्लंडच्या चौथ्या गिटारिस्टला एकदा दिलं ना आता बस, असं का? आणि ते एकदा सुद्धा कधी दिलं? पर्पल १९९३ पासून पात्र, आत घेतलं २०१६ ला. तोपर्यंत पर्पलचा कीबोर्डवाला जॉन लॉर्ड जाऊन जवळजवळ चार वर्षं झाली होती. ब्लॅकमोर त्या कार्यक्रमाला आलाच नाही. त्याबद्दल मला काही बोलायचं नाही, ते त्यांच्या घरातलं भांडण आहे.

२. डिओ. हा मुद्दा मी सगळ्यात वर ठेवायला हवा होता खरं तर. २००६ ला ब्लॅक सॅबथ या बँडला आत घेतलं ते मूळच्या चौघांना. ज्या माणसाने १९८० ला त्या बँडला पुन्हा उभं केलं तो डिओ यादीत नाही. रेनबोला तुम्ही विचारात घेत नाही म्हणजे तिथूनही नाही. स्वतःचा डिओ नावाचा बँड, तिथूनही नाही. तीन दारं, तिन्ही बंद. हेवी मेटल म्हटलं की जगातला कुठलाही पोरगा हाताची तर्जनी आणि करंगळी वर करतो ना, ती खूण डिओने स्टेजवर आणून घराघरात पोचवली, आणि त्याला ती मिळाली त्याच्या इटालियन आजीकडून, वाईट नजर लागू नये म्हणून ती रस्त्यात करायची. आपल्याकडच्या आज्या मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढतात तोच प्रकार. तुमच्या प्रत्येक सोहळ्यात प्रेक्षकांत कुणी ना कुणी ती खूण करतंच असेल, आणि ती ज्याच्यामुळे पसरली तो माणूस आत नाही, २०१० ला वारला सुद्धा.

३. अमेरिकेत हिट नाही, हे कारण ऐकलंय. रायझिंग अमेरिकेत ४८ नंबरपर्यंत गेला, इंग्लंडमध्ये ११. हिटच बघायचे तर इंग्लंडमध्ये सिन्स यू बीन गॉन सहाव्या नंबरवर, आय सरेंडर तिसऱ्या. अमेरिकेत १९८२ ला स्टोन कोल्ड रॉक रेडिओच्या चार्टवर एक नंबर होतं. आणि बरोबरीने हेही सांगतो की १९८१ ला केरँग या इंग्लंडच्या रॉक मासिकाच्या वाचकांनी रायझिंगला सगळ्यात भारी हेवी मेटल अल्बम म्हणून एक नंबरला निवडलं होतं. १९८३ च्या अल्बममधल्या नुसत्या गिटारच्या एका तुकड्याला ग्रॅमीचं नॉमिनेशन पण मिळालं. ग्रॅमीवाले, ज्यांना हार्ड रॉक कधी नीट कळला असं कुणीच म्हणत नाही, ते सुद्धा तुमच्या पुढे गेले.

४. सारखे माणसं बदलायचे, हे दुसरं कारण. खरंय. आठ स्टुडिओ अल्बम आणि एकाही दोन अल्बमवर तेच लोक नाहीत. पण म्हणूनच तर हा गिटारिस्टचा बँड, बाकी सगळं बदलत गेलं आणि तो एक सूर तोच राहिला. डिओबरोबर राजे-जादूगार-मनोरे. मग तो १९७९ च्या सुरुवातीला गेला आणि आला ग्रॅहम बॉनेट, केस बारीक कापलेला, शर्ट हवाईयन, मेटल बँडमध्ये अगदी चुकून शिरल्यासारखा दिसायचा आणि गायला लागला की काचा फुटतील असं वाटायचं. मग जो लिन टर्नर, रेडिओवर चालेल असं. डिओवाल्यांना टर्नर आवडत नाही, टर्नरवाल्यांना डिओ फार जड वाटतो, ही भांडणं मी पण तासनतास केली आहेत, बॉनेटला मधल्या मध्ये कुणीच विचारत नाही आणि माझ्या मते तोच सगळ्यात कठीण गाणी गायला. सांगायचं काय तर तीन गायक, तीन वेगळे आवाज आणि तिन्ही चाललं. हे करून दाखवणारे किती आहेत सांगा.

५. पुढे कुणावर परिणाम झाला हे तुम्ही नेहमी बघता असं ऐकलंय. मेटॅलिका हा बँड तुमच्याकडे २००९ पासून आहे. त्यांनी डिओ गेल्यावर त्याच्यासाठी जे मेडले (गाण्यांची जोडलेली मालिका) रेकॉर्ड केलं ते सगळं रेनबोच्या गाण्यांचं आहे, सॅबथचं एकही नाही. पर्पलला आत घेताना भाषण पण त्यांच्याच ड्रमर लार्स उलरिकने केलं. त्यालाच विचारा की. ड्रीम थिएटर या बँडने अख्खं स्टारगेझर वाजवलंय. तलवारी-ड्रॅगन-किल्ले असलेलं जे पॉवर मेटल युरोपात आज दर उन्हाळ्यात मैदानं भरतं ते रायझिंगशिवाय असं झालंच नसतं. गिटारिस्ट मालमस्टीनपासून पुढे फास्ट आणि क्लासिकल वळणाचं वाजवणारे जेवढे आले त्यांचं मूळ तिथेच जातं.

आणि डॉनिंग्टन. १६ ऑगस्ट १९८० ला इंग्लंडमध्ये डॉनिंग्टनच्या रेस ट्रॅकवर पहिलं मॉन्स्टर्स ऑफ रॉक झालं, नुसत्या हार्ड रॉक आणि मेटलसाठी दिवसभराचं मैदानी फेस्टिवल. खाली सॅक्सन, स्कॉर्पियन्स, जुडास प्रीस्ट आणि सगळ्यात वर रेनबो. आज तिथेच डाउनलोड फेस्टिवल होतं. कोझी पॉवेलचा रेनबोबरोबरचा तो शेवटचा शो. म्हणजे ज्या मैदानावर वाजवलं की बँड मोठा झाला असं पुढे सगळे मानायला लागले, त्या मैदानाचं उद्घाटन यांनी केलं. आमच्या मुंबईत रंगभवनला आय-रॉक हे रॉकचं फेस्टिवल व्हायचं तेव्हा कुणी नवीन बँड चढला की पोरं गमतीत आपलं डॉनिंग्टन म्हणायची. हे तुमच्या म्युझियमच्या बोर्डावर कुठे असेल नसेल, इथे पाठ आहे.

जाता जाता एक गंमत, कारण सगळंच चिडून लिहायला नको. सुरुवातीच्या टूरवर स्टेजवर एक अख्खं इंद्रधनुष्य असायचं, ४० फुटी, ३००० बल्बचं, कॉम्प्युटरने रंग बदलणारं. दिसायला जबरदस्त, पण त्याच्या इलेक्ट्रिकचा आवाज थेट गिटारच्या पिकअपमध्ये घुसायचा आणि साउंडवाले हैराण. स्वतःच्या बँडच्या नावानेच स्वतःच्या गिटारीत घरघर. गणपतीच्या मांडवात लायटिंगच्या शेजारी ज्याने अँप लावलाय त्याला हे दुःख समजेल.

तर मागण्या. फार नाहीत.

एक, पुढच्या लिस्टमध्ये रेनबोचं नाव घाला. नुसतं नॉमिनेशन, मतदानात काय व्हायचं ते होऊ दे. हरले तर मी परत असलं पत्र लिहिणार नाही, चिडेन पण लिहिणार नाही.

दोन, रॉनी जेम्स डिओला म्युझिकल एक्सलन्स वाल्या गटातून घ्या. त्याला मतदान लागत नाही, तुमची कमिटी ठरवू शकते. गिटारिस्ट रँडी रोड्सला २०२१ ला, जुडास प्रीस्टला २०२२ ला तसंच घेतलंत. दोन्ही निर्णय योग्य होते, म्हणजे रस्ता तुम्हाला माहितीये.

तीन, घ्याल तेव्हा माणसं मोजताना कंजुषी करू नका. सॅबथच्या वेळी केलं तसं मूळ तेवढेच ठेवायचे म्हटलं तर इथे एल्फवाले येतील आणि कोझी पॉवेल बाहेर राहील, म्हणजे हसूच होईल. पॉवेल १९९८ ला गाडीच्या अपघातात गेला, जिमी बेन २०१६ ला. त्यांच्या घरच्यांना तरी बोलवा. बॉनेट, टर्नर, कॅरी, नंतरचे बेसवाला रॉजर ग्लोव्हर आणि कीबोर्डवाला डॉन एअरी ही नावं यादीत हवीत.

चार, एखाद्या बँडला इतकी वर्षं नॉमिनेशन नाकारता तेव्हा कमिटीत त्यावर चर्चा झाली की नाही एवढं तरी जाहीर करा. कोण काय बोललं ते नको. झाली, नाही झाली, एवढंच. फॅन व्होटिंगच्या नावाखाली जगभरातून मतं गोळा करता आणि त्या सगळ्यांची मिळून शेवटी एक मतपत्रिका धरता, ते एकवेळ तुमचे नियम म्हणून सोडतो, पण ज्याचं नावच नाही त्याला मत द्यायची सोय पण नाही.

आणि हे लवकर करा. ब्लॅकमोरचा जन्म १९४५ चा. तो आला तर येईल, नाही आला तर नाही येणार, त्याचा स्वभाव बघता मी पैज नाही लावणार. गेली कित्येक वर्षं तो बायकोबरोबर मध्ययुगीन पद्धतीची गाणी वाजवतो, त्यात तो सुखी आहे असं दिसतं, त्याला तुमच्या ट्रॉफीची गरज आहे असं मला अजिबात वाटत नाही. गरज माझ्या क्लासमधल्या पोरांना आहे, आणि थोडी तुम्हाला पण, कारण हार्ड रॉकचा इतिहास सांगणारं म्युझियम म्हणून तिकीट लावता आणि १९७६ चं पान फाटकं ठेवता, हे बरं दिसत नाही.

उत्तराची अपेक्षा आहे. इंग्रजीत चालेल.

आपला,
नाशिकचा एक गिटार मास्तर

ता.क. इथल्या वाचणाऱ्यांसाठी: रायझिंग ऐकला नसेल तर स्टारगेझरपासून सुरू करू नका, आधी पहिली बाजू ऐका. पहिल्याच गाण्याच्या सुरुवातीला टोनी कॅरीचा कीबोर्ड दीडेक मिनिट नुसता फिरत राहतो, तिथे कंटाळून पुढे ढकलू नका. आणि ज्यांना टर्नरचा काळ जास्त आवडतो त्यांनी कमेंटमध्ये भांडायला यावं, मी आहेच.